शेवटची फट

होडी बुडाली की लोक समुद्राला शिव्या देत नाहीत, फटी बुजवणाऱ्याला देतात. ही गोष्ट बूच म्हातारा वयाच्या चौदाव्या वर्षी शिकला आणि पुढे बेचाळीस वर्षं विसरला नाही. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमध्ये बारीक फट राहते. तिच्यात तेलात भिजवलेली सुताची दोरी बोथट छिन्नीने ठोकून बसवायची, वरून गरम राळ ओतायची, आणि होडी पाण्यात सोडली की तळाला हात लावून बघायचा. हात कोरडा आला पाहिजे. त्याच्या हाताखालून गेलेल्या होडीत कधी थेंब शिरला नाही, म्हणून गोदीतल्या लोकांनी त्याचं नावच बूच ठेवलं. पुढे होड्या फायबरच्या आल्या, एका साच्यातून अख्ख्या काढलेल्या. त्यांना फटच नसते. फट नाही तर बूच हवाय कुणाला? म्हातारा घरी बसला.

घरी म्हणजे लेकीच्या घरी, आणि लेकीचं घर म्हणजे भाड्याचं. तळमजल्यावर पुढची खोली, मधली खोली आणि मागे स्वयंपाकघर. लेक एका हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करायची. जावई पाच वर्षांपूर्वी कामाला जातो म्हणून जो गेला, तो गेलाच. मागे राहिली नात, आता आठ वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी बसणं तिच्या गावीच नव्हतं. जेवायला बसवली तरी पाटावरून एक पाय हलत असायचा, झोपली तरी पांघरुणाखाली तोच पाय हलायचा. म्हातारा तिच्याशेजारी झोपायचा, आणि बरगडीत लाथ बसली की समजायचं, पोरीला छान झोप लागलीय.

या पाच वर्षांत तिघांनी चार घरं बदलली. एकात छत गळायचं, एकाच्या मालकाला लहान मूल चालेना, एक पाडायला काढलं, आणि एकाबद्दल न बोललेलं बरं. हे पाचवं. इथे येऊन पोरीला शाळेत जीवाभावाची मैत्रीण मिळाली होती. लेकीचं काम पायी दहा मिनिटांवर होतं. म्हाताऱ्याला खिडकीतून गोदीचा एक तुकडा दिसायचा. माणसाला आणखी काय लागतं?

मग कायदा आला. भाड्याने द्यायच्या प्रत्येक घराची तपासणी होणार. घर किती ऊब धरून ठेवतं, किती गॅस आणि वीज वाया घालवतं, ते मोजणार आणि नापास घर भाड्याने देऊ देणार नाहीत. आता कायदा काही वाईट नव्हता हो. आपण घरं तापवतो, ती ऊब फटींतून बाहेर जाते, पुन्हा तापवतो, पुन्हा जाते, आणि त्या जळणाच्या धुराने अख्खी पृथ्वी तापत चाललीय. हे कुणीतरी थांबवायलाच पाहिजे होतं. फक्त थांबवताना घरात राहणाऱ्या माणसाचं काय होतं, ते कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं होतं.

मालकीणबाई वरच्या मजल्यावर एकटी राहायची. ती खाली आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "पास झालं तर राहा, मला काय, तुम्ही चांगली माणसं आहात. नापास झालं तर दुरुस्ती माझ्याच्याने व्हायची नाही. मी हे विकून भावाकडे जाईन. आधीच सांगते, मागाहून बोल नको."

लेक दुसऱ्या दिवशी निवारा कचेरीत जाऊन आली. म्हातारा सोबत होता. खिडकीपलीकडचा माणूस भला होता, त्याने सगळं नीट समजावलं. बाई आणि मूल असेल तर महिला वसतिगृहात एक खोली मिळू शकेल. तिथे पुरुष चालत नाहीत, वय कितीही असो.

"मग बाबांचं काय?" लेकीने विचारलं.

"वृद्धाश्रमात नाव लावा. इथल्यात जागा नाही, दुसऱ्या गावी मिळेल."

लेक म्हाताऱ्याकडे न बघता म्हणाली, "बघू."

हा शब्द म्हाताऱ्याच्या चांगला ओळखीचा होता. गोदीचं काम बंद पडायच्या आधी मुकादम सहा महिने हेच म्हणत होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मरणाची भीती वाटत नाही म्हणतात. ते खोटं असेल किंवा खरं असेल, पण बरगडीत लाथ बसल्याशिवाय सकाळ उजाडायची, याची मात्र त्याला भीती वाटली.

तपासणीवाली बाई पहिल्यांदा आली तेव्हा चांगलाच गारठा होता. तिशीची असेल, अंगावर जाड कोट, पाठीवर तिच्याहून मोठं सामान. तिने पुढच्या दाराच्या चौकटीत एक कापड ताणून बसवलं, त्या कापडात मोठा पंखा. हा पंखा घरातली हवा बाहेर खेचणार, मग जिथे जिथे फट आहे तिथून बाहेरची हवा आत घुसणार, आणि किती घुसली ते यंत्रावर आकड्यात दिसणार. म्हातारा तिच्या मागे मागे फिरत होता. असं यंत्र गोदीत असतं तर, असं त्याच्या मनात आलं.

पंखा लावण्याआधी बाई स्वयंपाकघरात गेली. तिथे भिंतीवर गॅसचा गिझर होता, आणि त्याच्या वर भिंतीतच वीतभर रुंदीची एक लोखंडी जाळी, थेट बाहेर उघडणारी. बाईने स्टुलावर चढून त्या जाळीवर रुंद चिकटपट्टी लावली, चारही कडा बोटाने दाबून. मग पंखा सुरू केला. सगळं घर शहारलं. खिडक्यांतून, दाराखालून, फरशी आणि भिंतीच्या मधून, विजेच्या बटणांमागून वारा आला. भिंगरी टाळ्या पिटत हात लावून लावून बघत होती, "आजोबा, इथे पण येतंय. आजोबा, इथे पण."

"चौदा," बाई म्हणाली. "आकडा सातच्या आत यायला हवा. आजोबा, या घरातल्या सगळ्या फटी एकत्र केल्या ना, तर एक खिडकी सताड उघडी ठेवल्यासारखं आहे."

म्हाताऱ्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. बूच म्हणून नाव, आणि राहतो चाळणीत.

"किती दिवस आहेत?" त्याने विचारलं.

"तीन आठवडे. मग मी पुन्हा येईन. फटी बुजवा, खिडक्यांना जाड पडदे लावा. बाहेरच्या बाजूच्या भिंतींना आतून काहीतरी जाड लावा, चिंध्या, लोकर, काहीही. बरंच होतं तेवढ्यानं." तिने जाळीवरची पट्टी सर्रकन ओढून काढली, चुरगळून खिशात घातली आणि गेली. तिला पुढे आणखी पाच घरं होती, घाई होती. जाताना ती त्या पट्टीबद्दल काही बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही. आपल्या धंद्यातलं काही दुसऱ्याला विचारायची त्याला सवयच नव्हती.

पलंगाखालची पेटी बाहेर आली. लाकडी हातोडा, बोथट छिन्न्या, सुताच्या दोरीची वेटोळी, राळेचा डबा. पंधरा वर्षांनी त्याने ती पेटी उघडली, आणि लेकीने बघितलं की बाबांचा हात थरथरत नाहीये. चहाचा कप धरताना थरथरायचा, पण छिन्नी धरल्यावर नाही.

म्हातारा कामाला जुंपला. सकाळी लेक आणि नात बाहेर पडल्या की सुरू, त्या आल्या की थांबला. फरशी आणि भिंतीच्या मधली फट त्याने हाताहाताने भरली. दाराच्या चौकटी भरल्या. लेकीने धुलाईखान्यातून फाटक्या चादरी आणि घोंगड्या आणल्या, त्या बाहेरच्या बाजूच्या भिंतींवर तीन थरांत ठोकल्या. खिडक्या मात्र त्याने होडीसारख्या बुजवल्या. दोन फळ्या शिवाव्यात तशी चौकट आणि झडप दोरीने एक करून टाकली, वरून मेण आणि राळ. "हिवाळाभर उघडतंय कोण?" तो म्हणाला. "सुई घालून दाखव."

भिंगरीने खरंच सुई आणली. गेली नाही.

घर हळूहळू बदललं. संध्याकाळी लेक घरात शिरली की अंगावरचा स्वेटर काढायला लागली. खोली तापवायचा विजेचा हीटर कमी वेळ लावावा लागायचा. अभ्यास करताना पोरीची बोटं गारठेनाशी झाली. एकदा जेवताना लेक म्हणाली, "बाबा, खरं सांगू? इतकं उबदार घर मला आठवतच नाही." म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि जरा जास्तच वेळ घास चावला. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणीतरी कुणाला चांगलं म्हटलं होतं.

तपासणीला पाच दिवस राहिले असताना वारा सुटला. म्हातारा खोलीच्या मधोमध उभा राहून कान देऊन ऐकत होता. जुनी सवय होती ती. भरलेली होडी कानानेही तपासायची असते. सगळीकडे शांत. खिडक्या गप्प, दार गप्प, फरशी गप्प. फक्त स्वयंपाकघरातून एक बारीक शिट्टी येत होती.

जाळी.

आणि त्याला आठवलं. बाईने सगळ्यात आधी तिथेच पट्टी लावली होती. एवढ्या घरात नेमकी तीच जागा निवडून, कडा दाबून दाबून. तोंडाने सांगितलं नाही, पण हाताने दाखवलं. जाणकार माणूस असंच करतो. गोदीतला जुना मिस्त्रीसुद्धा बोलायचा नाही, फळीवर नुसती खडूची रेघ मारून पुढे जायचा, आणि समजणारा समजायचा. म्हातारा स्टुलावर चढला. एवढं मोठं भोक त्याने जन्मात बुजवलं नव्हतं. आधी दोरीचा गोळा, मग लाकडाची चकती, मग पुन्हा दोरी, मग राळ. दुपारपर्यंत शिट्टी थांबली. तो खाली उतरला, चहा केला आणि त्या शांततेत बसून प्यायला.

पुढचे दिवस असे गेले की आता सांगतानाही वाटतं, कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. पण संकट काही ओरडत येत नाही. लेकीचं डोकं सकाळी दुखायचं, कामावर गेली की थांबायचं. ती म्हणाली, तपासणीचा घोर लागलाय. पोरगी सकाळी गिझरच्या पाण्याने आंघोळ करून आली की गळून बसायची. एकदा उलटी झाली. शाळेतून निरोप आला की ती बाकावर झोपते, मग डबा खाल्ला की तरतरी येते. "साथ आलीय," शेजारीण म्हणाली, आणि खरंच साथ होतीच. म्हाताऱ्याच्या पायातही जीव नसायचा. तो म्हणाला, वय झालं. आणि एक गोष्ट त्याला जाणवली होती, ती त्याने कुणाला सांगितली नाही. बरगडीत लाथ बसत नव्हती. पोरगी शांत झोपायला लागली होती. घर उबदार झालं म्हणून, असं त्याला वाटलं.

तपासणीचा दिवस उजाडला. बाई दहाला येणार होती. भिंगरीचं डोकं इतकं दुखत होतं की लेकीने तिला शाळेत पाठवलं नाही, स्वयंपाकघराला लागून असलेल्या मधल्या खोलीत झोपवलं. "बाबा, हिच्याकडे लक्ष ठेवा. पास झालं की मला फोन करा. नापास झालं तर नका करू, मी आल्यावरच कळू दे."

म्हाताऱ्याला वाटलं, घर स्वच्छ दिसलं तर बाईचं मन जरा तरी मऊ होईल. त्याने गिझर लावला आणि बादल्या भरून भरून फरशी पुसायला घेतली. पुढची खोली दोनदा पुसली. पायपुसणं झटकायला दोन-तीनदा अंगणात जाऊन आला. स्वयंपाकघर पुसता पुसता डोकं गरगरलं, म्हणून कट्ट्याला धरून जरा थांबला. गिझर जळत होता. त्याची नेहमी निळी असणारी ज्योत पिवळी झालेली त्याने पाहिली. गॅस संपत आला असेल असं म्हणून त्याने आणखी एक बादली लावली.

दहाला दार वाजलं. त्याने उघडलं. बाई सामान घेऊन आत आली, दोन पावलं टाकली, आणि तिच्या कोटाला अडकवलेलं काडेपेटीएवढं यंत्र किंचाळायला लागलं.

म्हाताऱ्याचं काळीज लक्कन हललं. "अजून पंखा तर लावला नाही, बाई," तो म्हणाला. "आधीच नापास कसं केलं?"

"गिझर चालू आहे का?"

"आहे, पाणी तापवतोय, पण फट एकही नाही, तुम्ही बघा तर..."

"घरात कोण आहे?"

"नात. बरं नाही तिला. झोपलीय."

बाई सामान टाकून धावली. आधी गिझर बंद केला, मग मधल्या खोलीत शिरली. म्हातारा मागोमाग. भिंगरी कुशीवर पडली होती, तोंड किंचित उघडं, उशीवर ओकारीचा डाग. बाईने हाक मारली, गालावर चापट्या मारल्या. पोरीची मान हातावरून लोंबली.

"हवा," बाई म्हणाली. "हवा हवी तिला."

म्हातारा खिडकीकडे वळला. हातातलं सगळं बळ लावून त्याने झडप ओढली. झडप हलली नाही. त्याने नखं घातली, पण नखं शिरायला जागा नव्हती, तीच तर त्याची फुशारकी होती. तो मुठीने चौकटीवर मारत सुटला, खांदा लावला, "उघड, उघड गं बाई, उघड" म्हणत राहिला, आणि बेचाळीस वर्षांत कधी न गळलेलं त्याचं काम तसूभरही वारा आत येऊ देईना.

"आजोबा, खिडकी सोडा. पाय धरा तिचे."

दोघांनी मिळून तिला उचललं. पुढच्या खोलीच्या ओल्या फरशीवर म्हातारा घसरला, गुडघ्यावर पडला, पण पाय सोडले नाहीत. अंगणात आणून थंडगार दगडावर तिला निजवलं. बाई फोनवर रुग्णवाहिका मागवत होती. म्हाताऱ्याने पोरीचे दोन्ही पाय आपल्या छातीशी धरले होते आणि त्यांना म्हणत होता, "हल की. हल की गं. मार लाथ. मार मला."

पाय हलले नाहीत. श्वास मात्र चालू होता.

रुग्णालयात तिच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला. डॉक्टर म्हणाले, गॅस नीट जळला नाही की जो विषारी वायू तयार होतो तो रक्तात गेलाय. त्याला रंग नाही, वास नाही. आता थांबायचं. किती वेळ, तेही सांगता यायचं नाही. म्हाताऱ्यालाही एका खाटेवर बसवून मुखवटा दिला होता. तो पुन्हा पुन्हा काढत होता, परिचारिका पुन्हा पुन्हा लावत होती.

लेक धुलाईखान्याचा ओला ॲप्रन तसाच घालून आली. तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. तिने एकच प्रश्न विचारला.

"जाळी कुणी बुजवली?"

"मी," म्हातारा म्हणाला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त त्याच्या हातांकडे पाहिलं, बराच वेळ, आणि आत पोरीकडे गेली.

तपासणीवाली बाई अजून गेली नव्हती. तिची बाकीची घरं त्या दिवशी तशीच राहिली. ती त्याच्याशेजारी येऊन बसली तेव्हा म्हाताऱ्याने मुखवटा खाली ओढला.

"तुम्हीच दाखवलीत ना? मागच्या वेळी सगळ्यात आधी तिलाच पट्टी लावलीत. मला वाटलं, ही मोठी फट आहे, ही बुजवली तर पास."

बाईचा चेहरा बदलला. ती अगदी हळू म्हणाली, "आजोबा, ती फट नाही. ती घराला श्वास घ्यायला ठेवलेली जागा आहे. मोजताना ती आम्हीच झाकतो, म्हणजे ती मोजणीत येत नाही. मोजून झालं की काढतो. ती उघडी असली काय आणि बंद असली काय, आकडा तोच."

"तोच?"

"तोच. तिने काहीच फरक पडत नाही." तिने डोळे पुसले. "मी सांगायला हवं होतं. पाच घरं बाकी होती. मला वाटलं, जाळीला कोण कशाला हात लावेल."

म्हातारा भिंतीकडे बघत राहिला. म्हणजे त्या पाच दिवसांआधीच काम झालेलं होतं. शिट्टी वाजत असतानाच घर पास होतं. त्याने फक्त चहा करून प्यायला हवा होता आणि गप्प बसायला हवं होतं. शहाणा होता ना मोठा. एवढा जन्म गेला, पण बुजवायची नाही अशीही एखादी फट असते, हे त्याच्या अकलेत कधी शिरलं नाही. तो हुंदके देऊन रडला, लहान पोरासारखा, आणि त्याची लाज वाटण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

दिवस कलेपर्यंत तो काचेबाहेर उभा होता. आत पांघरुणाखाली भिंगरीची पावलं दिसत होती, दोन लहान उंचवटे. त्याने डोळे तिथून हलवले नाहीत. देवाकडे त्याने घर मागितलं नाही, वसतिगृह मागितलं नाही, स्वतःसाठी तर काहीच नाही. बाहेरचे दिवे लागायच्या सुमारास डावा उंचवटा जरासा हलला. मग थांबला. मग पुन्हा हलला, आणि हलतच राहिला. आत लेकीने तोंडावर पदर दाबला. म्हातारा काचेला धरून हळूहळू खाली बसला.

पोरीला सहा दिवस तिथे ठेवलं. त्या सहा दिवसांत म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने बुजवलेलं उकरून काढलं. खिडक्या मोकळ्या करून त्यांच्या कडांना उघडझाप होईल अशी घोंगडीची पट्टी लावायला तीन दिवस लागले, जाळीला पूर्ण एक. आपलंच काम उकरायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि ते किती घट्ट बसलंय हे त्याला तेव्हा कळलं. छिन्नी दोनदा हातात घुसली. शेवटचा गोळा बाहेर पडला आणि जाळीतून शिट्टी आली, तेव्हा तो स्टुलावरच बसून ऐकत राहिला. गिझर काढून नेला होता. पाणी आता विजेच्या शेगडीवर तापत होतं.

सातव्या दिवशी सकाळी बाई पंखा घेऊन आली. लेक कोपऱ्यात उभी राहून बघत होती. बाईने जाळीला पट्टी लावली, आणि या वेळी ती का लावतेय ते मोठ्याने सांगितलं, दोनदा. पंखा फिरला. आकडा सहावर थांबला. बाईने पट्टी काढली, कागदावर शिक्का मारला आणि तो भिंतीवर लावला. घर पास झालं होतं. मालकीणबाई वरून खाली येऊन "बरं झालं" म्हणाली आणि घाईघाईने परत गेली. म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिलं. लेक मधल्या खोलीत गेली आणि दोन पिशव्या भरायला लागली.

"कुठे?" त्याने विचारलं.

"वसतिगृहात खोली मिळतेय. मी नाव लावलंय." ती कपड्यांच्या घड्या करत राहिली. "मी कामावर जाऊन या घरात हिला कशी ठेवू, बाबा? तिथे इस्त्री फिरवताना मला सारखं दिसतं. तुमच्यावर राग नाही माझा. राग असता तर सोपं होतं."

म्हाताऱ्याला बोलायला तोंड कुठे होतं? ज्याच्यासाठी त्याने सगळ्या फटी बुजवल्या, ते त्याच्याच हाताने गेलं होतं. तो कपाटाकडे गेला आणि पोरीचे स्वेटर काढून लेकीच्या हातात द्यायला लागला, एकेक करून.

दुपारी रुग्णालयातून भिंगरीला आणलं. ती उंबऱ्याशी आली आणि थांबली. आतून ऊब येत होती. तिने नाक आक्रसलं, एक पाऊल मागे घेतलं.

"मी नाही येणार."

"घर पास झालंय, बाळा," लेक म्हणाली. "विष गेलं सगळं. आपण फक्त सामान घ्यायला आलोय."

पोरीने आतल्या दोन पिशव्या पाहिल्या. मग आजोबांकडे पाहिलं. "आजोबांची पिशवी कुठेय?"

पोरगी मोठ्या माणसांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती, आणि ज्या पोरीला कधी एका जागी उभं राहता येत नव्हतं ती अगदी स्थिर उभी होती. मग ती म्हणाली, "दार उघडं ठेवाल तर येते. आजोबा दारात बसतील. कुणी लावायला आलं तर लावू देणार नाहीत."

म्हातारा पेटीकडे गेला. त्यातली सगळ्यात जाड छिन्नी काढून त्याने उघड्या दाराखाली सरकवली आणि लाकडी हातोड्याने ठोकली, एकदा, दोनदा, दार जागचं हलेनासं होईपर्यंत. बाहेरून गारठा भसकन आत आला. तीन आठवडे जपून ठेवलेली ऊब बघता बघता निघून गेली, आणि भिंतीवरचा शिक्क्याचा कागद फडफडायला लागला.

भिंगरी आत आली. पलंगाच्या कडेवर बसली, अजून कोट घालूनच. लेक दोन पिशव्यांच्या मधे उभी होती. तिने दाराकडे पाहिलं, दारात पाठ करून बसलेल्या बापाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं.

"आई, जायचं का?" पोरीने विचारलं.

लेक पलंगावर तिच्याशेजारी बसली. एक पिशवी तिच्या मांडीवर होती, ती तिने खाली ठेवली नाही आणि उचललीही नाही.

"बघू," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने तो शब्द ऐकला, पण मागे वळून पाहिलं नाही. वारा सरळ त्याच्या तोंडावर येत होता, आणि तो त्याने येऊ दिला.